ॲडमिट आहेत, पण बेड नाही

सासूबाईंना न्यूमोनिया झालाय हे कळायला फारसा वेळ लागला नाही. वेळ लागला तो त्यांना खाट मिळायला.

आम्ही राजाजीनगरला राहतो. माझं माहेर पुण्याचं, सासूबाईंचं निपाणीकडचं. लग्न होऊन त्या बंगळुरात आल्या त्याला आता इतकी वर्षं झालीत की भाजीवाल्याशी त्या कानडीतच भांडतात. माझा नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी परदेशात होता. सासूबाईंच्या अंगात ताप होता, पण डॉक्टरांचं नाव काढलं की म्हणायच्या, "स्वल्प कफ झालाय गं, काढा घेतो की." त्यांच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलताना घेतो, जातो असंच म्हणतात. मला सुरुवातीला हसू यायचं. त्या सकाळी मात्र चहाचा कप हातात धरून बसल्या होत्या आणि साधं वाक्य पुरं करताना मध्येच थांबत होत्या. ओठ काळसर दिसत होते. मी कप काढून घेतला आणि ऑटो बोलावली.

इमर्जन्सीत सगळं भराभर झालं. छातीचा एक्स-रे, रक्त, नाकाला ऑक्सिजन, हाताला सलाईन. तरुण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ॲडमिट करतोय. वॉर्डात बेड झाला की वर नेऊ." मी नवऱ्याला कळवलं, ऑफिसला कळवलं, आणि आता सुटलो असं वाटून चक्क एक सँडविच खाल्लं.

मग अपघातातली माणसं आली. जागा हवी म्हणून सासूबाईंचं स्ट्रेचर बाहेर पॅसेजमध्ये, भिंतीला लावून ठेवलं. समोर एक्स-रेच्या खोलीचं दार. ते उघडलं की स्ट्रेचरला धक्का बसायचा आणि सासूबाई डोळे उघडायच्या. "आली काय खोली?"

"येतेय आई."

दुपार झाली. मी काउंटरवर जाऊन विचारलं. "बेड इल्ला मॅडम, स्वल्प वेट माडी." बेड नाही, जरा थांबा. परत आले, उभी राहिले, परत गेले. तिथला माणूस आता मला पाहिल्यावर विचारायच्या आधीच मान हलवायचा. बसायला एक प्लॅस्टिकची खुर्ची मिळाली होती, पण मला बसवेना. बसलं की वाटायचं, आत्ता कुणीतरी बेड वाटतंय आणि आपण दिसत नाही म्हणून दुसऱ्याला देतंय. उभं राहिलं की वाटायचं, आपल्या मागे सासूबाईंचा ऑक्सिजन निसटलाय. फोन वाजत होता. नवरा तिकडून विचारत होता, "ॲडमिट केलंय ना? मग बेड नाही म्हणजे काय?" त्याला समजावता समजावता माझा आवाज चढला. मलाही कुठं समजलं होतं म्हणजे काय ते! कागदावर त्या वॉर्डात होत्या, आणि प्रत्यक्षात एक्स-रेच्या दारात.

पलीकडच्या स्ट्रेचरवर चिकपेटमधले एक साड्यांचे दुकानदार होते. दुकानातच छातीत कळ येऊन खाली बसले होते. आमच्याही आधीपासून तिथं होते. त्यांची बायको ठेंगणी, कपाळावर ठसठशीत कुंकू, सतत त्यांच्या पायांवरून हात फिरवत असायची. पॅसेजमध्ये एसीचा गार झोत थेट अंगावर यायचा आणि पांघरुणं संपली होती, म्हणून तिनं दुकानातून दोन सुती साड्या मागवल्या होत्या. एक नवऱ्याच्या अंगावर होती. दुसरी, घडी न मोडलेली, उशाशी.

संध्याकाळच्या सुमाराला सासूबाईंनी माझा हात ओढला. "मला जायचंय."

"कुठं? घरी?"

"घरला न्हवं गं." त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं.

ऑक्सिजन काढून बाथरूमपर्यंत चालवायचं नाही, असं सिस्टरनं बजावलं होतं. मी धावत जाऊन बेडपॅन आणलं. सासूबाईंनी ते पाहिलं आणि तोंड भिंतीकडे केलं. समोरून वॉर्डबॉय, पोलीस, कुणाकुणाचे भाऊ, मेहुणे जात होते. सुटा पडदा मागायला गेले तर तो आत लागलाय म्हणाले. मी ओढणी काढून धरून पाहिली. ती अर्ध्या स्ट्रेचरलाही पुरेना.

"नको. धरतो मी," सासूबाई म्हणाल्या. त्या धरून ठेवणार होत्या, बेड मिळेपर्यंत. मला रडूच आलं. घरात ज्या बाईनं मला कधी स्वतःची साडीसुद्धा वाळत घालू दिली नाही, तिच्यावर ही पाळी.

दुकानदाराच्या बायकोनं काही विचारलं नाही. उशाशी ठेवलेली साडी उचलली, घडी झटकून मोडली आणि एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघी पाठ करून उभ्या राहिलो, हात वर, मध्ये ती सबंध साडी ताणलेली. सासूबाई मागे एकट्याच धडपडत होत्या. मी वळणार तोच त्या ओरडल्या, "बघू नको!" पॅसेजमधून जाणारा एक माणूस थांबला तर त्या ठेंगण्या बाईनं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मोबाईल काढून दुसरीकडे वळला.

खूप वेळानं मागून आवाज आला, "झालं." आणि मग, दम लागलेला असतानाही, "काठ बरा आहे. इरकल काय ही?"

त्या बाईला मराठी समजत नव्हतं, पण इरकल समजलं. "हौदू अक्का, इलकल!" मान डोलावून म्हणाली आणि हसली. मीही हसले.

रात्र तशीच गेली. सकाळी सासूबाई गुंगीत नळी काढू लागल्या, "घरला जातो, इथं काय काम?" म्हणत पाय खाली सोडू लागल्या. मी त्यांना धरलं, त्यांनी मला ढकललं. सलाईनच्या जागी रक्त आलं. सिस्टरनं येऊन पट्टी बदलली, मला म्हणाली, "जवळच थांबा." आणि माझं डोकं फिरलं. दुकानदाराच्या बायकोला खुणेनं सांगितलं, यांच्याकडे बघा, आणि जिन्यानं वर वॉर्डात गेले. लिफ्टपाशी पास विचारतात, जिन्यावर कुणी नव्हतं.

वॉर्डात दाराजवळच एका खाटेवर एक बाई बसलेली होती. बाहेर जायचे कपडे, पायात चपला, मांडीवर पर्स, शेजारी बांधून ठेवलेली पिशवी. रुग्ण नाही, सलाईन नाही, काही नाही. मी तिच्यासमोर जाऊन उभी राहिले आणि हिंदीत म्हणाले, "तुम्ही पेशंट आहात का?"

"होते," ती म्हणाली. "काल डॉक्टरांनी घरी जा सांगितलं. इन्शुरन्सवाल्यांचं अजून होय आलेलं नाही. तोवर सोडत नाहीत."

"माझ्या सासूबाई खाली पॅसेजमध्ये पडल्यात. कालपासून."

मी हे भांडायला म्हणून म्हणाले होते. पण तिचा चेहरा पाहून पुढचं बोलता येईना. तिनं हळूच चादरीवरून हात फिरवला, जणू सुरकुती काढत होती. "मला वाटलं, माझ्यापुरतंच आहे हे," ती म्हणाली. "घरी मुलं वाट बघतायत, एवढंच डोक्यात होतं."

ती उठली, पिशवी घेतली आणि सिस्टरच्या टेबलाशी गेली. कानडीत बोलत होती, मला निम्मंच कळलं. सिस्टर म्हणत होती, कॉम्प्युटरवर तुम्ही अजून बेडवरच आहात. ती म्हणत होती, मी कुठं उभी आहे ते कॉम्प्युटरला दाखवा. शेवटी सिस्टरनं कुणाला तरी फोन लावला, परत लावला, आणि मग त्या बाईला बाहेरच्या वेटिंगमध्ये खुर्चीवर बसवून खाटेची चादर ओढून काढली. मी तिचे आभार मानायला गेले तर म्हणाली, "आधी खाली जा, दुसरं कुणी नेईल."

मी जिना उतरले की पडले, आठवत नाही.

स्ट्रेचर हलायला लागलं तेव्हा सासूबाई पूर्ण जाग्या होत्या. त्यांनी पलीकडे बोट केलं. "ते आधी आलेत. त्यांना ने."

वॉर्डबॉय म्हणाला, "अम्मा, त्यांचा हार्टचा वॉर्ड वेगळा."

"वेगळा असू दे की!"

दुकानदाराच्या बायकोनं हात जोडले आणि आम्हाला जा जा म्हटलं. मला तिच्याकडे नीट बघवलं नाही. त्या दुपारी मी उगाचच कितीदा तरी खाली जाऊन आले. एकदा पाहिलं तर त्यांच्या जागी हात मोडलेली एक मुलगी होती. मी धावत सिस्टरला गाठलं. ती म्हणाली, वर नेलं, अँजिओप्लास्टी करतायत. दुसऱ्या दिवशी ती बाई मला कँटीनच्या रांगेत दिसली. लांबूनच तिनं हात वर करून 'बरे आहेत' अशी खूण केली.

सासूबाईंचा ताप उतरला. नवरा विमानतळावरून थेट दवाखान्यात आला, बॅग दारातच टाकली आणि आईच्या पायाशी बसला. "आई, फार त्रास झाला ना गं तुला?"

सासूबाईंनी उशी सारखी केली. "त्रास कसला? जागा नव्हती, मग मिळाली."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी सांगायला तोंड उघडलं. पण सासूबाईंनी तोवर त्याला विमानात जेवायला काय दिलं ते विचारायला सुरुवात केली होती. खाटेशेजारी बसायला चांगली गादीची खुर्ची होती, रिकामी. मी ती सोडून बाहेर आले आणि कॉरिडॉरच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसती चालत राहिले.