बाजूला बसलेले परीक्षक

जायकवाडी मृतसाठ्यावर आलं होतं, त्या सुमाराची ही हकिगत. शहरात नळाला पाणी कधी येणार यावर लोक लग्नाच्या बैठकासुद्धा पुढं ढकलत होते आणि त्याच दिवसांत जालना रोडला एकामागून एक हॉटेलं, जिम आणि स्पा उघडत होते. शेंद्र्याच्या कारखान्यांत बाहेरगावचे अधिकारी यायचे. त्यांच्या आखडलेल्या पाठी आणि माना मोकळ्या करणारी माणसं हवी होती, म्हणून मसाज शिकवणारे वर्ग निघाले. ज्यांच्या गावात शेतावर काम उरलं नव्हतं, अशा बायका आणि पुरुष तिथं शिकायला येऊ लागले. पुढं या वर्गवाल्यांनी एकत्र येऊन मसाजची स्पर्धा घ्यायचं ठरवलं.

मी फिजिओथेरपिस्ट. माहेर शहागंजातलं, दवाखाना सिडकोत. मला परीक्षक म्हणून बोलावल्याचं सांगितलं, तेव्हा अम्मीनं, मालिश में भी पास-नापास होता क्या, एवढंच विचारलं.

आम्ही तिघं परीक्षक होतो. एक बाई पुण्याहून येऊन इथल्या हॉटेलात स्पा चालवत. बोलायला तुटक, पण कामात चोख. तिसरे आयुर्वेद शिकवून निवृत्त झालेले एक गृहस्थ. त्यांना सगळेच सर म्हणत. मी त्यांची विद्यार्थिनी नव्हते, पण माझा दवाखाना नवा होता तेव्हा त्यांनी आपणहून माझ्याकडं पेशंट पाठवले होते. त्यांच्या पत्नी दीर्घ आजारानंतर नुकत्याच गेल्या होत्या. त्याबद्दल ते बोलत नसत.

नियम ठरवायला आम्ही उस्मानपुऱ्यात सरांच्या घरी बसलो. सर आखडू वाटतील इतके काटेकोर होते. टेबलावर झोपणाऱ्या माणसाचं अंग चादरीनं झाकलेलं असावं, काम चाललं असेल तेवढाच भाग उघडा करावा, आणि उघडण्याआधी त्याला विचारावं. त्यानं हात वर केला की मसाज तिथंच थांबवावा. नखं कापलेली असावीत. हात धुण्यावर बराच वेळ गेला. टँकरचं पाणी विकत घ्यायचं म्हणून आयोजकांना एकच बादली पुरवून वापरायची होती. सर म्हणाले, गरम टॉवेल रद्द करा, फुलांच्या पाकळ्यांचं पाणी रद्द करा, हात मात्र प्रत्येक वेळी वाहत्या पाण्याखालीच धुतले पाहिजेत.

शेवटचा नियमही त्यांचाच. ज्या स्पर्धकाशी आपली ओळख आहे, ज्याला आपण शिकवलंय किंवा कामावर ठेवलंय, त्याला गुण द्यायचे नाहीत. उरलेल्या दोघांचे गुण धरायचे. स्पावाल्या बाई म्हणाल्या की या गावात कोण कुणाला ओळखत नाही, अशानं परीक्षकच उरणार नाहीत. सर म्हणाले, मग नांदेडहून आणू.

बीड बायपासजवळच्या एका मंगल कार्यालयात स्पर्धा झाली. लग्नाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती, बाहेर हात धुवायला नळ बसवलेले ड्रम ओळीनं ठेवले होते. स्पर्धकांच्या पांढऱ्या कोटावर फक्त क्रमांक होते. सगळं रीतसर चाललं होतं. दुपारी पस्तिशीची एक स्पर्धक बाई टेबलाजवळ येऊन उभी राहिली. तिनं सरांकडं बघून नकळत हात जोडले. सर उठले, आमच्याजवळ येऊन हळूच "ओळख आहे" म्हणाले, पेन खिशाला लावलं आणि लांब भिंतीजवळच्या खुर्चीवर जाऊन बसले. मान खाली घालून. हॉलमधल्या सगळ्यांनी ते पाहिलं.

त्या बाईचे हात क्षणभर चादरीवर थांबले. मग तिनं काम सुरू केलं. दाब एकसारखा होता, हात अंगावरून उगाच उचलला जात नव्हता. टेबलावरच्या बाईचा श्वास संथ झालेला मला दिसत होता. पण पायावरची चादर तिनं न विचारता सारली आणि वेळ संपायच्या आधीच ती आटोपून बाजूला झाली. मी पाहिलं तसे गुण दिले. स्पावाल्या बाईंनीही दिले असणार. पहिल्या तिघांत ती आली नाही. बक्षिसं वाटली जात होती तेव्हा ती कोटाची घडी करून निघून गेली होती.

काही दिवसांनी ती माझ्या दवाखान्यात आली. पेशंट संपेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिली. मला वाटलं, निकालाची तक्रार असेल. तिनं निकालाचं नावही काढलं नाही. "मॅडम, सर माझ्यावर नाराज हायेत का?" तिनं विचारलं.

मग तिच्याकडून मला कळलं की सरांच्या पत्नीला लकवा झाल्यावर त्यांचं सगळं हिनंच केलं होतं. आंघोळ, कूस बदलणं, सकाळ-संध्याकाळ तेल लावणं. ती गंगापूरकडची. नवरा शेंद्र्याला कामाला लागला म्हणून शहरात आलेली, आणि पेशंट सांभाळायचं तिचं ते पहिलंच काम. सरांच्या पत्नी गेल्या तेव्हाही तीच जवळ होती. पुढं मसाजच्या वर्गात जा असंही सरांनीच सुचवलं होतं.

मी तिला नियम समजावून सांगितला. तिनं ऐकून घेतला. मग म्हणाली की नियमाचं तिला काही नाही, पण वर्गातल्या बाया तिच्याशी नीट बोलेनाशा झाल्यात. सर तिला बघून उठून गेले ते सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यातल्या एकीनं तर विचारलं होतं, सरांच्या घरी काही चोरीबिरी केली होती का. लोकांच्या घरात जाऊन करायचं तिचं काम. अशी बोलवा उठली तर तिला दारात कोण उभं करणार होतं?

मी सरांना फोन केला आणि तिला घेऊन उस्मानपुऱ्यात गेले. सरांनी स्वतः दार उघडलं. ती आत आली, पण बसली नाही. त्या घरात तिला खुर्चीवर बसायची सवय नसावी. वर्गात काय बोललं जातंय ते तिनं सरांना सांगितलं. आवाज चढवला नाही.

 सर म्हणाले, "मी उठलो कारण तुमचे हात मला माहीत होते. ते विसरून मला गुण देता आले नसते."

"मग तसं तोंडानं सांगायचं व्हतं."

"सांगितलं असतं तर ती शिफारस झाली असती. या दोघी परीक्षकांच्या मनावर परिणाम झाला असता."

"असंल. तुमचं बरोबर असंल, सर," ती म्हणाली. "पण तुम्ही खुर्चीवर जाऊन बसलात आन् नाव माझं गेलं."

माझ्या मते दोघांचंही खरं होतं. सर उठून खिडकीपाशी गेले. रस्त्यावर टँकर आला होता आणि गल्लीतले लोक पाइप ओढत होते. तिकडं बघत त्यांनी विचारलं, "आता मी काय करू?"

तिनं ते आधीच ठरवून ठेवलेलं असावं. ती म्हणाली, "वर्गावर या. तिथं सांगा."

सर गेले. मीही बरोबर होते. वर्ग एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर भरायचा आणि जिना उभा होता, सरांना दोनदा थांबावं लागलं. पंधरा-वीस बाया आणि काही पुरुष टेबलांभोवती उभे राहिले. शिकवणाऱ्यानं सरांची लांबलचक ओळख करून द्यायला सुरुवात केली, ती सरांनी हातानं थांबवली. या बाईंनी माझ्या पत्नीची शेवटपर्यंत सेवा केली, मी यांचा ऋणी आहे, ऋणी माणसानं परीक्षा घेऊ नये म्हणून मी त्या दिवशी बाजूला बसलो, दुसरं काहीही कारण नव्हतं, एवढंच ते बोलले. पत्नीचा उल्लेख मी त्यांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. बोलताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता. खाली उतरताना मात्र त्यांनी माझा हात धरला.

काही जणींनी टाळ्या वाजवल्या. तिनं वाजवल्या नाहीत. मान डोलावून, "व्हय, झालं," म्हणाली आणि तेलाची बाटली उघडून टेबलाशी गेली. पुढं तिला शेंद्र्याच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात काम मिळालं असं कानावर आलं. सरांच्या घरी ती नंतर आली का, हे मला ठाऊक नाही. सरांनी कधी सांगितलं नाही.

परत येताना रिक्षात सर म्हणाले की नियम करताना त्यांनी फक्त परीक्षकाचा विचार केला होता, टेबलाच्या दुसऱ्या बाजूच्या माणसाचा केलाच नव्हता. त्यानंतर त्यांनी परीक्षक व्हायला नकार दिला. स्पर्धा मात्र चालू राहिली.

आम्ही त्या नियमाला पुढं एक ओळ जोडली. बाजूला होणाऱ्या परीक्षकानं काम सुरू व्हायच्या आधी सगळ्यांसमोर स्पर्धकाला तसं सांगावं आणि यात त्याचा दोष नाही हेही सांगावं. स्पावाल्या बाईंचा या ओळीला अजून विरोध आहे. त्या म्हणतात, सगळ्यांसमोर ओळख सांगणं हीच शिफारस. सरांनीही तेच म्हटलं होतं, आणि त्यांचं म्हणणं मला अजूनही खोडून काढता आलेलं नाही. ओळ तेवढी तशीच ठेवली आहे.

माझ्या दवाखान्यात काम करून गेलेला एक मुलगा मागं स्पर्धेत उतरला, तेव्हा ती ओळ मला म्हणावी लागली. म्हणताना अवघडल्यासारखं झालं. त्यानं ऐकून घेतलं, बरं म्हणाला आणि हात धुवायला बाहेर गेला. मी माझी खुर्ची सरकवली आणि दाराकडं तोंड करून बसले.