पाहुण्याला दंड नसतो

पौडला आम्ही पाच वर्षं राहिलो. हे तिथल्या शाळेत मास्तर, आणि मी पुण्यात पेठेत वाढलेली, नळाच्या पाण्याची सवय असलेली. पहिल्या महिन्यापासून माझं एकच पालुपद होतं, पुण्याला चला. यांचंही एकच उत्तर होतं, बघू. मग एका डिसेंबरात पुण्याच्या एका शाळेतून यांना खरोखरच बोलावणं आलं. होकार की नकार, ते आठवड्याच्या आत कळवायचं होतं. त्यावर हे "रविवारी मुळशीकडे जाऊन येऊ," एवढंच म्हणाले.

मी ओळखलं. मुलगी दाखवतात तसा यांना मला मुलूख दाखवायचा होता. पाच वर्षांत मी पौडच्या पलीकडे पाऊल टाकलं नव्हतं, हेही खरंच. जायचं, पण विरघळायचं नाही, असं मी मनाशी पक्कं केलं.

सकाळच्या एसटीनं गेलो आणि धरणाच्या काठाला उतरून चालत सुटलो. भात झोडून झालं होतं, खाचरांत नुसती धसकटं उरली होती. हे खुशीत होते. हा डोंगर कोणता, ती वाट कोकणात कुठे उतरते, या पाण्याखाली कोणाची घरं होती, सगळं सांगत होते, वर्गात सांगत तसं थांबून थांबून. वाटेत भेटेल तो माणूस "मास्तर, हिकडं कुटं?" म्हणून उभा राहायचा. यांना त्या प्रत्येकाच्या म्हशीचीसुद्धा खबर ठाऊक. मी पदर सावरून बाजूला थांबायची. पाणी सुंदर होतं. मी तसं म्हटलं नाही.

दुपारी एका ओढ्याजवळ भाकरी सोडली. सुट्टीच्या दिवशी यांना उघड्यावर, तीन दगडांच्या चुलीवर केलेला गुळाचा कोरा चहा लागायचा, म्हणून पातेली बरोबर घेतलीच होती. हे पाणी आणायला ओढ्यात उतरले आणि मी सरपण बघायला निघाले. बाजूलाच दाट झाडी होती. आत शेंदूर लावलेला एक दगड, आणि खाली वाळक्या काटक्यांचा नुसता खच. पौडातल्या बायका सरपणासाठी डोंगर चढतात आणि इथे पायाशी पडलेलं उचलायला कोणी वाकत नाही, केवढे हे आळशी लोक! असं म्हणत मी ओचा भरून काटक्या आणल्या.

हे परत आले तेव्हा चूल पेटली होती.

"कुठून आणलंस सरपण?"

मी हातानं दाखवलं. यांचा चेहराच उतरला. "अगं, ती देवराई. देवाचं रान. तिथली वाळकी काडीसुद्धा कोणी उचलत नाही."

"मग आधी सांगायचं होतं," मी म्हटलं. चूक माझी असली की माझा आवाज चढतो, हे माझं जुनं आहे.

एवढ्यात शेळ्या हाकत एक धनगर म्हातारी उतारावरून आली. चुलीकडे बघून ती जागच्या जागी थांबली. "काटकं कुनी आनली?"

"मी," हे म्हणाले.

"तुमी पौडातलं मास्तर न्हवं? तुमाला ठावं न्हाई व्हय?"

"ठाऊक आहे. चुकलं."

"मग नारळ द्यावा लागंल, गावकीम्होरं उभं ऱ्हाऊन. दंडच हाय त्यो. आमीबी दिलाय मागं."

"देईन," हे लगेच म्हणाले, आणि म्हातारीनं मान हलवली. दोघांच्या दृष्टीनं विषय तिथेच संपला होता. मला मात्र संताप आला. ओंजळभर काटक्यांसाठी माझा नवरा गावापुढे हात जोडून उभा राहणार, आणि त्याही मी वेचलेल्या!

"आजी, आम्ही काही इथले नाही," मी म्हटलं. "पाहुणे आहोत. आज आहोत, उद्या जाऊ."

म्हातारीनं यांच्याकडे पाहिलं. यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"पावनं व्हय! मग ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "पावन्याला दंड नसतो. त्येला काय ठावं." उरलेल्या काटक्या तिनं गोळा केल्या, झाडीत नेऊन ठेवल्या आणि जाताना मला म्हणाली, "जावा सावकाश." इतकी गोड ती आधी बोललीच नव्हती.

चहा केलाच नाही, पातेलीतलं पाणी मी ओतून टाकलं. परतीच्या वाटेवर यांनी एकही डोंगर दाखवला नाही. एसटीची वाट बघताना म्हणाले, "उद्या होकार कळवतो."

ज्यासाठी पाच वर्षं यांचं डोकं खाल्लं ते मिळालं, आणि मला काही गोड लागेना. नका कळवू, एवढंच म्हणायचं होतं. मी "बरं" म्हटलं.

होकार गेला. पुढच्या रविवारी हे एकटेच सकाळी बाहेर पडले आणि दिवस मावळताना धुळीनं भरून घरी आले. रुमालातून खोबऱ्याची अर्धी वाटी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली.

"घेतला त्यांनी नारळ?" मी विचारलं.

"आधी घेईनात. पाहुण्याचा दंड कसा घ्यायचा, म्हणाले. दोन तास बसून राहिलो, तेव्हा घेतला."

हे सांगताना ते जितके खूश दिसत होते, तितकं खूश मी त्यांना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. सामान बांधून आम्ही उन्हाळ्यात पुण्याला जाणार होतो. मी खोबऱ्याचा तुकडा मोडून तोंडात टाकला, आणि मला रडूच फुटलं.