गडूतली काळी अळी

रिठदच्या शिवारात पंधरा विहिरी इंद्रभानच्या हातानं खोल गेल्या. सोळावीत दरड कोसळली, आणि कमरेखालचे पाय त्याचे राहिले नाहीत. पंच्याहत्तर सालच्या हिवाळ्यात त्याची बाज मळ्यातल्या खोपडीच्या दारात होती. दारातून टमाट्याच्या चारच ओळी दिसत. तेवढंच त्याचं जग.

सकाळी बायको, केशरबाई, पितळी गडू घेऊन आली. तळाशी मातीचं ढेकूळ, त्यावर एक काळी अळी.

"हा घ्या चोर! रोज रोप बुडातून कातरलेलं, अन् बाजूले हाच. भावजी रोपांवर किडीची पावडर झटकून राह्यले."

"मले न इचारता?"

"तुमाले कायले इचारायचं? बाजेवरून राखण करता का?"

ती गेली. इंद्रभान गडूत पाहत बसला. अळी लांब, चपटी, काळी कुळकुळीत. सहा पाय, सगळे डोक्याजवळ. तोंडाला सांडशीसारखे दोन वाकडे दात, शेपटाला दोन ताठ काटे. ती पितळेवर चढे, घसरे, पुन्हा चढे. विहिरीच्या तळातून दिसणारं आभाळ त्याला आठवलं. तेही असंच गोल होतं.

अळीच्या धडपडीनं ढेकूळ फुटलं. आत एक करडी, जाड अळी वेटोळं करून पडलेली. तिच्या पोटाखाली मऊ पायांची रांग. काळी तिच्यावर तुटून पडली. सांडशी मिटली.

"शेषराव! थांब रे!"

धाकटा भाऊ नाकाला फडकं बांधून आला. हातात पावडरीची पुरचुंडी.

"काहून ओरडून राह्यला, दादा? पडून पडून डोकं फिरलं का?"

"पाह्य इकडं. रोप कातरते ते करडी. हे काळी तिले खायाले येते. असे दात पाल्यासाठी नसतात, बाप्पा. आपण राखणदारालेच मारून राह्यलो."

शेषराव वाकला. करडी अळी अर्धी उरली होती.

"तीनच ओळी राह्यल्या झटकायच्या," तो म्हणाला आणि पुरचुंडीला गाठ मारली.

दारासमोरच्या चारही ओळी पावडरीनं पांढऱ्या झाल्या होत्या. वाचलेल्या तीन खोपडीच्या मागं, बाजेवरून न दिसणाऱ्या.

"हिले तिकडं सोड," इंद्रभान म्हणाला.

ओरडा ऐकून परत आलेली केशरबाई गडू घेऊन मागं गेली. तो कान देऊन पडून राहिला.

"गेली का?"

"गेली," कुडापलीकडून आवाज आला. "मातीत शिरली."