दोन हाका

मंडळी, आत्ताच डोंबिवलीला घरी पोचलेय.

आज बाबांना घेऊन गोरखगडला गेलेले. बाबा वर्तकनगरला राहतात, वय अडुसष्ट आणि ‘मी काय म्हातारा झालो का?’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ऑक्टोबरचं ऊन, कातळात खोदलेल्या उभ्या पायऱ्या आणि एका बाजूला सरळ दरी. उतरताना मी बुटाची नाडी बांधायला थांबले. मान वर केली तर बाबा गायब.

“बाबा!”

काहीच नाही. तेवढ्यात खालच्या वळणावर एक दगड गडगडत गेल्याचा आवाज आला.

“बाबाऽऽ!”

पुन्हा काहीच नाही. तिसऱ्यांदा तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना. मग बसून, घसटत घसटत एकेक पायरी उतरले. दरीत बघायची हिंमत होत नव्हती. आईला काय सांगू, एवढंच डोक्यात.

वळणापलीकडे बाबा सावलीत बसून काकडी खात होते.

“ऐकू आलं नाही का तुम्हाला?” मी किंचाळलेच.

“आलं की, दोनदा आलं. पण रानात तीन हाका झाल्याशिवाय ओ देऊ नये, आमची आई सांगायची. भूत दोनदाच हाक मारतं. मी तिसरीची वाट बघत होतो.”

मी तिथेच बसून रडले. त्यांनी गुपचूप अर्धी काकडी पुढे केली.

तुमच्या घरी कितव्या हाकेला ओ देतात? डोंगरावर जायच्या आधी विचारून घ्या. माझ्याकडे आज दोनच हाका होत्या.