शेजारची पांढरी गच्ची

"अहो, तुमचं तोंड कुठंय?" साहेब लॅपटॉपमधून ओरडत होते. "नुसता पांढरा गोळा दिसतोय! सोमवारी क्लायंटसमोर असेच बसलात तर प्रेझेंटेशन दुसऱ्याला देईन, आत्ताच सांगतो."

दोष माझ्या तोंडाचा नव्हता. शेजारच्या काकांनी घर थंड राहावं म्हणून गच्चीला पांढराशुभ्र रंग फासला होता, आणि माझ्या वरच्या मजल्यावरच्या कामाच्या खोलीची खिडकी थेट त्या गच्चीवर उघडते. दुपारी तीनला तिथून उजेड असा उसळायचा की भिंतीवरची पाल गॉगल मागायची. काकांना विनवलं, एखादी ताडपत्री तरी अंथरा. ते म्हणाले, "पडदा लाव की! आन् दिवा लाव दिवसा." वर हसले. ते हसणं मी जपून ठेवलं.

पडदा लावला तर मी कोळशाच्या वखारीतून बोलतोय असं वाटायचं. म्हणून शहागंजात दिव्यांच्या दुकानी गेलो. पिवळा, पांढरा, गोल, वाकड्या मानेचा; दुकानदार चाचांनी चाळीस तरी दिवे पेटवून दाखवले असतील. मग खिडकीची कथा ऐकून म्हणाले, "भाईजान, उधर से जो उजाला आरा, पहले वो रोको. लैंप बाद में लेव."

बस. देवगाव रंगारीहून मामाच्या रोपवाटिकेतली हिरवी शेडनेट आणली. माझ्याच गच्चीवर, माझ्याच हद्दीत दोन बांबू उभे केले, इतके उंच की दौलताबादच्या किल्ल्याला कमीपणा वाटावा, आणि जाळी ताणली. दुपारी सूर्य माझ्या घरामागं सरकला आणि काकांची अख्खी गच्ची सावलीत बुडाली. खोलीत उजेड कसा मऊ, साईसारखा. मग वाकड्या मानेचा तो दिवा आणून डावीकडं, भिंतीकडं तोंड करून ठेवला. सोमवारी क्लायंटला माझ्या मिशीचा केस न् केस दिसला. प्रेझेंटेशन माझंच राहिलं.

पण खरी मजा खाली चालली होती. काकांच्या गच्चीवर त्याच दिवसांत कुरडया वाळत पडल्या होत्या. सकाळभर अवकाळी आभाळ, ऊन काय ते दुपारी, आणि दुपार तर माझ्या जाळीच्या ताब्यात!

"जाळी काढ रे! कुरडया आंबतील!" काका खालून ओरडले.

"दिवा लावा की दिवसा!"

"आरं, ऐक तरी, या कुरडया…"

मी धाडकन खिडकी लावली. तिसऱ्या दिवशी त्या आंबल्याचा वास वर आला. शहरातल्या एकाही अत्तरवाल्याकडं इतका गोड वास मिळायचा नाही.

त्याच संध्याकाळी बायको वैजापूरहून, माहेराहून आली. मी दारातच तिला सगळा पराक्रम ऐकवला. काकांचा चेहरा कसा पडला, तेही करून दाखवलं. तिनं पिशवी खाली ठेवली, खिडकी उघडून वाकून बघितलं.

"त्यांच्या मागच्या महिन्यातच झाल्या," ती म्हणाली. "काकूंना घालायला सांगून गेले होते मी. या आपल्या होत्या."