रंगवलेला गंज

व्हर्लीन प्रुइटने आयुष्याची एकेचाळीस वर्षे नव्या वस्तू जुन्या दिसाव्यात यासाठी खर्ची घातली. मध्य फ्लोरिडातल्या त्या तळ्यांच्या पट्ट्यात, संत्र्यांच्या बागा मागे सरून थीम पार्क पुढे आली त्या काळात, हा धंदा पुष्कळांनी धरला आणि सोडला. तिने तो एकाच ठिकाणी धरून ठेवला. टीग गार्डन्स या छोट्या पार्कमध्ये ती बाविसाव्या वर्षी पाट्या रंगवायला आली. नोकरीच्या आठव्या वर्षी तिच्याकडे गुहेचे काम आले, आणि त्यानंतर तिची ओळख सांगताना लोक तिच्या नावाआधी गुहेचे नाव घेऊ लागले.

गुहा अर्थातच खोटी होती. लोखंडी सळ्यांचा सांगाडा, त्यावर बारीक जाळी, जाळीवर सिमेंटचा जाड थर. तो थर मऊही नाही आणि कडकही नाही असे साधारण तीन तास मिळतात. दगड त्या तीन तासांत घडवायचा. अ‍ॅल्युमिनियमची चुरगळलेली पन्नी ओल्या सिमेंटवर दाबून व्हर्लीन त्यात चुनखडीचा खडबडीतपणा आणत असे, आणि सुकल्यावर पातळ रंगाचे पाच-सहा हात देऊन त्यावर शतके चढवीत असे. आठ माणसांची एक होडी या गुहेतून अकरा मिनिटे वाहत जाई. सळ्या वाकवण्याचे काम तिचा नवरा डेल याने केले होते. लग्न पुढे सहा वर्षे टिकले. डेल टेनेसीला गेला आणि दर नाताळला कार्ड पाठवू लागला, ज्यात तो नेमाने गुहेची चौकशी करी, तिची मात्र करायला विसरे.

हाताखालच्या माणसांना ती एकच नियम शिकवत असे. पाणी कुठून येईल ते आधी ठरवा, मग ब्रश उचला. डाग सुंदर दिसतो तिथे काढायचा नाही. छत खरेच गळले असते तर जिथे पडला असता, तिथेच काढायचा. या नियमामुळेच तिचे दगड बाकीच्यांच्या दगडांपेक्षा खरे वाटत.

एका मे महिन्यात हार्लन टीगने तिला कचेरीत बोलावले. पार्क काढणाऱ्या म्हाताऱ्या टीगचा हा नातू. सात वर्षांचा असताना तिच्या रंगाच्या डब्यात पाय घालून बसलेला तिने पाहिला होता.

"मिस व्हर्लीन, बसा ना."

"उभीच बरी आहे. एकदा बसले की हा गुडघा उठू देत नाही."

टेबलावर एका पोलादी रोलर कोस्टरची चित्रे पसरली होती. "युरोपातून येतो," हार्लन म्हणाला. "तेरा महिन्यांत उभा. ताशी पंच्याऐंशी मैल."

"आणि उभा कुठे करणार?"

पार्कच्या नकाशावर हार्लनने बोट ठेवले, ते गुहेवर.

मग त्याने सगळे सांगितले. इंटरस्टेट महामार्गापलीकडच्या मोठ्या पार्कने देखाव्याचे अख्खे नवे नगर उभारले होते. त्याच्या शेजारच्याने ते ऐकून आपला डोंगर दुप्पट उंच करायला घेतला होता. त्या दोघांच्या स्पर्धेत टीग गार्डन्सचे पाहुणे दरवर्षी थोडे थोडे गळत होते. कर्ज एकदाच मिळणार होते आणि त्यात एकच गोष्ट होणार होती: गुहा नीट करायची, किंवा तिच्या जागी कोस्टर आणायचा. "सल्लागार म्हणतो कोस्टर. आई म्हणते गुहा. मला तुमचं मत पाहिजे."

"मला विचारणं म्हणजे रविवारी जेवायला काय करू, असं कोंबडीला विचारणं झालं."

"म्हणूनच विचारतोय. तुम्ही खोटं सांगणार नाही."

"अरे, माझा धंदाच खोट्याचा."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. मोठ्या पार्कचे नवे नगर गुरुवारी फक्त धंद्यातल्या लोकांसाठी उघडणार होते. त्याचे आमंत्रणपत्र त्याने तिच्या हातात दिले. "तुम्ही बघून या. आणि मला एकच सांगा. त्यांच्या त्या देखाव्याशेजारी आपली गुहा अजून दहा वर्षं उभी राहील का? तुम्ही हो म्हणालात, तर सल्लागाराला मी परत पाठवतो."

कचेरीबाहेर गाड्यांच्या तळावर सारस पक्ष्यांची एक जोडी, जागा आपलीच असल्यासारखी, संथपणे चालत होती. व्हर्लीन पिकअपमध्ये बराच वेळ किल्ली न फिरवता बसून राहिली. हो म्हणायला फार काही लागणार नव्हते.

गुरुवारी मोठ्या पार्कच्या मागच्या फाटकावर यादिरा किन्योनेस तिची वाट पाहत होती. यादिरा एकोणिसाव्या वर्षी व्हर्लीनच्या हाताखाली आली, नऊ वर्षे शिकली, आणि बारा वर्षांपूर्वी या मोठ्यांकडे निघून गेली. त्यावर व्हर्लीनने पूर्ण एक वर्ष अबोला धरला होता. तो संपला तेव्हाही यादिरा तिला माएस्त्रा म्हणत होती, म्हणजे तिच्या आईच्या पोर्तो रिकोत गुरूला म्हणतात तेच.

"माएस्त्रा, गुडघा कसा आहे?"

"आहे. तुझ्या इथे चढ किती?"

"पुष्कळ. पण बाकं पण आहेत. दगडाची."

"तुझ्या दगडाची म्हणजे मऊच असणार."

नगर म्हणजे ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले एक बंदर होते. व्हर्लीनने सवयीने पहिल्याच भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली. पोकळ आवाज आला नाही. सिमेंट होते, जाड, हाताने कोरलेले. पुढच्या कठड्याची कड तिने चाचपली, तर जिथे रांगेतली माणसे हात टेकतील नेमकी तिथेच ती गुळगुळीत झिजवलेली होती, आणि हाताच्या आवाक्यापलीकडे पुन्हा खरखरीत. हे तिने कुणालाही सांगून शिकवले नव्हते; ती करीत असे आणि शेजारी उभे असलेले बघत असत.

ती राइडमध्ये बसली नाही. तिला रांगेची जागा पाहायची होती. रांग एका जळालेल्या गोदामातून, एका कोरड्या कालव्यातून, एका पडक्या देवळातून फिरत जात होती आणि प्रत्येक वळणावर कुणीतरी कधीतरी तिथे राहून गेल्याची खूण होती. तिने मनाशी हिशेब घातला. राइड चार मिनिटांची. रांग दीड तासाची. आपल्याकडची सगळी भांडणे त्या चार मिनिटांवर होतात, ती किती वेगाची, किती उंचीची. या लोकांनी निम्मा पैसा माणसाच्या उभे राहण्यावर घातला होता. दोन्ही पार्कांमधला फरक पैशाचा होताच, पण त्याहून अधिक तो पैसा माणसाच्या कोणत्या वेळेवर खर्च करायचा यातला होता. टीग गार्डन्समध्ये असा विचार एकाच जागी झाला होता, आणि ती जागा गुहा होती. गुहेत उभे राहणे आणि वाहत जाणे एकच होते. हे हार्लनला सांगता येण्यासारखे होते, खरेही होते. तिला बरे वाटले.

देवळाच्या भिंतीवरून गंजाचा एक लांब ओघळ उतरला होता. व्हर्लीन जवळ गेली. ओघळाच्या टोकाखाली मसुराएवढा एक निळा ठिपका होता. पुढच्या डागाखालीही होता. त्याच्या पुढच्याही.

"हे काय गं?"

"देखभालवाल्यांसाठी. ठिपका असला तर डाग आमचा. नसला तर खरा, मग तिथल्या तिथे फोन."

"कुणाच्या डोक्यातून निघालं?"

"माझ्याच." यादिरा थोडी संकोचली. "तुमच्यामुळे खरं तर. गुहेत तिसऱ्या वळणावर, छताखाली, तो हरणाच्या शिंगासारखा डाग आहे ना? तुमच्याकडे होते तेव्हा एकदा मी तासभर त्याच्याकडे बघत बसले होते. रंगवलेला की खरा, काही कळेना. विचारायची लाज वाटली. म्हटलं, नऊ वर्षं शिकून एवढंही कळत नाही म्हणाल."

व्हर्लीन मोठ्याने हसली. "म्हणालेच असते. तो माझा आहे. माझ्या हातून उतरलेला सगळ्यात चांगला डाग."

"तीन फाट्यांचा?"

"शिंगासारखा म्हणजे..." व्हर्लीन म्हणाली, आणि वाक्य तिथेच राहिले.

परतीच्या पस्तीस मैलांत ती एकच गोष्ट आठवत होती. पायाखालची फळकुटे, डोक्यावरचे ओले छत, तांबूस मातीचा रंग आणि त्यात घातलेला थेंबभर काळा. ब्रश दोनदा ओढल्याचे तिला आठवत होते. तिसऱ्यांदा ओढल्याचे आठवत नव्हते. वाटेत तिने उकडलेल्या शेंगांची पिशवी घेतली आणि घरी पोहोचेपर्यंत त्यातली एकही सोलली नाही.

शुक्रवारी सकाळी, पार्क उघडायला दोन तास असताना, तिने ओडेलला होडी काढायला लावली. ओडेल हा देखभालीचा माणूस, पंचवीस वर्षे तिथलाच.

"आज फिरायला निघालात काय, मिस व्हर्लीन? तिकीट काढलंत का?"

"तू वल्हव. बोलू नकोस."

तिसऱ्या वळणावर त्याने होडी थांबवली आणि दिवा वर धरला. डाग होता. दोन फाटे फिकट, कडेला पुसट होत गेलेले, जसे तिला हवे होते तसेच. तिसरा गडद होता, आणि रुंद. इतक्या वर्षांत ती त्याखालून शेकडो वेळा गेली होती आणि दर वेळी मान वर करून तिने आपल्याच हाताला दाद दिली होती. तिसरा फाटा नियमाला धरूनच पडला होता. पाणी जिथून आले असते तिथूनच ते आले होते.

"हा कधीपासून असा आहे, ओडेल?"

"मला काय ठाऊक? मी आलो तेव्हा थोडा होता. मधे एकदा वाटलं होतं, कळवावं का. मग म्हटलं, ही तर तुमची कारागिरी. तुमच्या चित्रावर दुरुस्तीची चिठ्ठी लावली असती तर तुम्ही मला या पाण्यातच बुडवलं असतंत."

"बुडवलं असतं," ती म्हणाली.

तिने खिशातला चाकू उघडला. रंगाचा थर नखाएवढाही जाड नसतो. चाकू तिथे थांबायला हवा होता. तो मुठीपर्यंत आत गेला. ताटाएवढा एक तुकडा सुटून होडीच्या कडेला आपटला आणि पाण्यात गेला. आत डेलने वाकवलेली सळई दिसत होती. अंगठ्याएवढी जाड होती ती. आता पेन्सिलीएवढी उरली होती, आणि भोवतीचे सिमेंट तिच्या फुगलेल्या गंजाने पापुद्र्यासारखे सुटले होते. ओडेलने होडी मागे घेतली.

परतताना तिने बाकीचे डाग पाहिले. सगळे तिचेच होते, असे तिला आता म्हणता येईना.

हार्लन कचेरीत कॉफी ओतत होता. "काय म्हणतंय आपल्या शेजाऱ्यांचं बंदर?"

"गुहा बंद कर."

"म्हणजे, तुमचं मत कोस्टरच्या बाजूने..."

"मत नंतर सांगते. आज बंद कर. आत्ता. तू दहा वर्षं विचारलं होतंस; मी दहा मिनिटंही कुणाला त्या छताखाली जाऊ देणार नाही."

तिने जे पाहिले ते सांगितले. काहीही गाळले नाही. आपण इतकी वर्षे तो गंज स्वतःचा समजत होतो, हेही नाही. हार्लनने कप खाली ठेवला.

"आज ओकालाहून चौथीची मुलं येणारेत. होडीसाठीच."

"म्हणूनच तर सांगतेय."

त्याने फोन उचलला, फाटकावर दोन वाक्ये बोलला आणि ठेवला. "दुरुस्त नाही होणार?" त्याने विचारले, आणि त्या आवाजात रंगाच्या डब्यात पाय घालून बसलेला मुलगा होता. त्याला ‘होईल’ असे ऐकायचे होते. गुहा जपण्याचे कारण तिच्याकडे तयार होते. उभे राहण्याचा आणि वाहत जाण्याचा तो सगळा विचार, मोठ्या पार्कमध्ये जुळवलेला. इंजिनियर येईपर्यंत तिला काही बोलण्याचीही गरज नव्हती.

"एक सळई गेली तिथे बाकीच्याही जातात, हार्लन. कुठल्या गेल्या ते बघायचं तर माझे सगळे डाग खरवडावे लागतील. पाडावी लागेल."

"तुम्हाला चालेल?"

"मला काय विचारतोस? पाणी विचारून आलं नाही."

नंतर तिने मतही दिले. कोस्टर आण, पण नुसत्या डांबरावर उभा करू नकोस. माणसे जिथे ताटकळतात तिथे त्यांना पाहायला काहीतरी दे. हार्लन म्हणाला की पैसे कोस्टरलाच संपतील. तिला ते माहीत होते. शेवटी रांगेपुरत्या एका भिंतीवर तोड निघाली. चाळीस फूट, खांद्याएवढी उंच.

गुहा नोव्हेंबरमध्ये पाडली. दोन दिवस पुरले. तिने घडवलेल्या छताचा एखादा तुकडा आठवण म्हणून कापून द्यावा, असे हार्लनने सुचवले होते. तिने नको म्हटले, कारण आतली सळई गेलेली होती आणि असा तुकडा वर्षभरात घरात चुरा करून ठेवतो. डेलला तिने नाताळच्या आधीच कार्ड पाठवले. त्यात एवढेच लिहिले की सळ्या चांगल्या होत्या, दोष छपराखालच्या पाण्याचा आणि माझा.

भिंत तिने पुढच्या वर्षाच्या अखेरीस केली. शेवटच्या दिवशी, कोस्टरचे रूळ डोक्यावरून चाचणीसाठी थरथरत असताना, तिने तांबूस रंगात थेंबभर काळा घातला आणि भिंतीच्या टोकाला एक डाग ओढला, दोन फाट्यांचा. त्याखाली बारीक ब्रशने निळा ठिपका ठेवला आणि ओडेलला हाक मारली.

"किती फाटे आहेत?"

"दोन."

"मोजून सांग."

"दोनच, मिस व्हर्लीन. एवढं येतं मला."

"तिसरा दिसला तर मला फोन करायचा नाही. मी म्हणेन तो माझाच आहे. हार्लनला करायचा."

ओडेलने मान हलवली, खिशातून वही काढली आणि भिंतीकडे पुन्हा एकदा बघत तारीख टाकली.