गेटवर अडकलेले सात कोड

आईचं सिमकार्ड माझ्या फोनमध्ये घालायची अक्कल माझीच. रोज कुणीतरी बँकेचा माणूस म्हणून तिला फोन करायचा आणि ती त्याच्या मुलाबाळांची चौकशी करत बसायची. शेवटी मी तिला एक टॅब आणून दिला, त्यात मेसेजिंगचं अ‍ॅप तिच्याच नंबरावर सुरू केलं आणि सिम स्वतःकडे ठेवलं. घरी वायफाय होतंच. कोड कुणाला सांगायचा नाही, टॅब शेजाऱ्यांच्या हातात द्यायचा नाही, अडलं तर पुन्हा दाबायचं, असं तीनतीनदा बजावलं. तेव्हा स्वतःच्या हुशारीवर मी भलताच खूश होतो.

मी जबलपूरच्या एका संरक्षण कारखान्यात नोकरीला आहे. आमच्याकडे फोन आत नेता येत नाही. सकाळी गेटवरच्या खणात जमा करायचा, टोकन खिशात टाकायचं, सुट्टी झाली की परत घ्यायचा. इतक्या वर्षांत ते अंगवळणी पडलंय. पण माझ्या फोनबरोबर आईचं सिमही दिवसभर त्या खणात पडून राहणार, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

नागपूरची मावशी तेव्हा अंथरुणाला खिळली होती. दुपारची जेवणं झाली की दोघी बहिणी व्हिडिओ कॉलवर बसायच्या. मावशीला फार बोलवत नसे, मग तिच्याही वाटचं आईच बोलायची. त्या दिवशी जेवण आटोपून आईनं टॅब उघडला, तर अ‍ॅपनं तिला बाहेर काढलेलं. नंबरची पडताळणी करा म्हणे. तिनं शिकवल्याप्रमाणे बटण दाबलं. कोड आला तो गेटवरच्या खणात. तिनं पुन्हा दाबलं, पुन्हा पुन्हा दाबलं. शेवटी अ‍ॅपनं सांगितलं की फार वेळा प्रयत्न झाले, आता बारा तास थांबा. शेजारच्या दीदी काय झालं बघायला आल्या, तर तिनं टॅब पदराखाली झाकला.

संध्याकाळी फोन हातात आला. त्यात आईच्या नंबरावर आलेले सात कोड होते, सातही बाद झालेले. आणि मावसभावाचे कितीतरी मिस्ड कॉल. गेटवरूनच त्याला फोन लावला.

"दादा, आई तीन वाजेपर्यंत शुद्धीवर होती," तो म्हणाला. "ताईला दाखव, ताईला दाखव, म्हणून राहिली होती. तुम्ही दोघं काहून नाही उचललं?"

फोन जमा होता, असं मी सांगितलं. ते माझं मलाच खोटं वाटलं.

घरी आई टॅब मांडीवर घेऊन बसली होती. पडद्यावर तास आणि मिनिटं उलटी सरकत होती. लाज वाटली की मला राग येतो. मी तिच्यावरच खेकसलो, किती वेळा दाबायचं ते. मग माझ्या फोनवरून नागपूरला व्हिडिओ लावून दिला. मावशीचे डोळे मिटलेले होते आणि श्वास तोंडानं चालला होता. आई तरीही बोलत राहिली. काय काय जेवले, कुणाच्या घरी काय झालं, सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर तिनं मला विचारलं, "दुपारी जागी होती का रे ती? माझी वाट तर नसंल पाहिली?"

"नाही गं. सकाळपासून अशीच आहे."

"अच्छा. चलो, बरं झालं."

पहाटे मावशी गेली. बॅगा भरता भरता आई म्हणाली, तिचे फोटो त्या टॅबमध्ये आहेत, सुरू करून दे. बारा तास केव्हाच उलटले होते. मी बटण दाबलं, कोड लगेच आला आणि अ‍ॅप मुकाट्यानं उघडलं. आदल्या दिवशीचे अडकलेले निरोप एकापाठोपाठ एक उतरले. त्यात मावसभावाचा आईला एक होता, दुपारचा: मावशी, आई जागी आहे, तुला विचारून राहिली, लवकर फोन लाव.

मी टॅब काढून घ्यायला हात पुढे केला, पण तोवर तिनं वाचलं होतं.

"जागी होती," आई म्हणाली.

नागपूर येईपर्यंत ती माझ्याशी दुसरं काही बोलली नाही.